वावरातला मोशन सेन्सर, मोटरीचा कंट्रोलर अन् ट्रॅक्टरचं सिम्युलेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्वी तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे अन् मागच्या खोलीत रात्री सेन्सर, कंट्रोलर, जॉयस्टिक असं काही ना काही बनवणं चालू असतं. तुरीच्या शेंगा भरल्या अन् डुकरं-रोही (नीलगाई) वावरात उतरले की लोकांचे व्हॉइस मेसेज सुरू होतात, दिवसाला दहा-बारा, त्यातले बरेच प्रश्न तेच ते. म्हणून इथे एका जागी लिहून ठेवतो. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे नंबर टाकला आहे, तिकडे पाहून घ्या.

१. मोशन सेन्सर म्हणजे छोटा कॅमेराच ना भाऊ?

नाही. कॅमेऱ्याला चित्र दिसतं, आपण वापरतो त्या पीआयआर सेन्सरला फक्त उष्णतेतला बदल कळतो. प्रत्येक गरम अंगातून न दिसणारे इन्फ्रारेड किरण निघतात, माणसाच्या अंगातून निघणारे सगळ्यात जोरदार साधारण ९ ते १० मायक्रोमीटरचे. सेन्सरच्या आत दोन पट्ट्या असतात, दोन्हीवर सारखी उष्णता पडली तर त्या एकमेकीला मिटवून टाकतात, अन् उष्णता एकीवरून दुसरीकडे सरकली की सिग्नल निघतो. वरची पांढरी प्लास्टिकची टोपी म्हणजे लेन्स आहे, ती समोरच्या जागेच्या फाका पाडते, जनावर एका फाकेतून दुसऱ्या फाकेत गेलं की आत हालचाल होते. म्हणूनच स्तब्ध उभा बैल त्याला दिसत नाही अन् बैल शेपूट हलवत चार पावलं चालला की दिसतो.

२. पीआयआर घेऊ का रडारवाला?

बाजारात पहिले हातात पडतो तो एचसी-एसआर५०१. रेंज साधारण ७ मीटर, कोन ११० ते १२० अंश, साडेचार ते २० व्होल्टवर चालतो, मागे दोन पेच असतात, एक रेंजचा अन् एक किती वेळ चालू राहायचं त्याचा. सप्लाय दिल्यावर पहिला एक मिनिट तो स्थिर व्हायला घेतो, त्यात उगाच वाजतो, तेवढ्यावरून खराब म्हणून परत करू नका.

रडारवाला म्हणजे आरसीडब्ल्यूएल-०५१६. तो स्वतः ३ गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी सोडतो अन् हलणाऱ्या वस्तूवरून परत येणाऱ्या लहरीतला फरक पकडतो. त्याला गरम-थंडशी घेणं नाही, प्लास्टिकच्या डब्यात बंद करूनही चालतो, पावसाळ्यात ही लय मोठी सोय आहे. पण पऱ्हाटी (कपाशी) वाऱ्यानं हलली तरी त्याला हालचालच वाटते. माझं मत, गोठ्यात अन् घराच्या ओट्यावर रडार, वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) पीआयआर. दोन्ही एकत्र लावून दोघांनीही हो म्हटलं तरच भोंगा वाजवला तर फुकटचं वाजणं बरंच कमी होतं.

३. हिवाळ्यात मस्त चालते, मे महिन्यात माहा सेन्सर आंधळा काऊन होते?

हा प्रश्न पुण्या-मुंबईकडून कधी येत नाही, आपल्याकडून दर उन्हाळ्यात येतो. सेन्सरवर छापलेली ७ मीटर रेंज ही गार खोलीतली असते. त्याला अंग अन् मागची जमीन यांच्यातला फरक दिसतो, अंग किती गरम आहे हे दिसत नाही. डिसेंबरच्या रात्री जमीन गार अन् माणसाची कातडी ३३-३४ अंशांच्या आसपास, म्हणजे फरक मोठा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, संध्याकाळी दिवस बुडाल्यावर माती हळूहळू उतरत येते अन् एक वेळ अशी येते की मागची माती अन् समोरचं अंग सारख्याच तापमानाचं. त्या तासा-दीड तासात तुम्ही सेन्सरसमोर नाचला तरी तो गप्प. मजा अशी की भर दुपारी तोच सेन्सर वाजतो, कारण तेव्हा माती चटके देणारी असते अन् तिच्यासमोर माणूस थंड दिसतो, फरक उलट्या बाजूनं का होईना पण आहे. सकाळी पुन्हा तसाच आंधळा वेळ येतो. डुक्कर चिखलात लोळून आलं असेल तर वरचा ओला थर गार असतो, मग हिशोब अजून बदलतो.

करायचं काय? दोन सेन्सरमधलं अंतर उन्हाळ्यात मोजून ठरवा, हिवाळ्यात नको. मी दोरीवर दर मीटरला गाठ मारून ठेवली आहे, दिवस बुडाला की पोराला समोरून आडवं चालायला लावतो अन् कोणत्या गाठीपर्यंत लाईट लागतो ते वहीत लिहितो. एचसी-एसआर५०१ च्या बोर्डवर आरटी लिहिलेली रिकामी जागा असते, तिथे तापमानाप्रमाणे भरपाई करणारा थर्मिस्टर बसतो, बहुतेक बोर्डवर तो लावलेलाच नसतो. तो लावून थोडा फरक पडतो, पण अंग अन् माती एकसारखी झाल्यावर थर्मिस्टरही काही करू शकत नाही. त्या वेळेपुरता रडार जोडीला द्या (प्रश्न २), अन् तेव्हा दोघांच्या होची वाट न पाहता एकट्या रडारवर भोंगा वाजू द्या.

४. रात्रभर भोंगा वाजते अन् जाऊन पाह्यलं तं काहीच नाही?

पहिले वाय-फायवालं ईएसपी बोर्ड सेन्सरला चिकटून ठेवलं आहे का ते बघा, त्याच्या रेडिओनं पीआयआर खोटा ट्रिगर देतो, अर्धा-एक फूट दूर नेलं की बऱ्याचदा तिथेच मिटतं. दुसरं, भोंगा वाजला की बॅटरीचा व्होल्टेज बसतो, त्या झटक्यानं सेन्सर पुन्हा वाजतो, मग भोंगा स्वतःच स्वतःला वाजवत राहतो. सेन्सरच्या सप्लायवर वेगळा रेग्युलेटर अन् जवळच १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर द्या. तिसरं, लेन्सवर पाल किंवा किडा. लाईट सेन्सरच्या जवळ असला की किडे येतात, किडे आले की पाल येते, म्हणून लाईट दोन हात लांब ठेवा.

५. धुऱ्यावर किती उंचीवर अन् कोणत्या तोंडानं लावू?

जवळपास सगळे सेन्सर जंगलाकडे तोंड करून लावतात, म्हणजे जनावर सरळ सेन्सरकडे चालत येतं. ही सगळ्यात वाईट दिशा, कारण ते एकाच फाकेत राहतं (फाका म्हणजे काय ते प्रश्न १ मध्ये). सेन्सरचं तोंड धुऱ्याच्या रेषेत ठेवा, मग वावरात शिरणारं जनावर त्याच्यासमोरून आडवं जाईल. डुकरासाठी गुडघ्याच्या थोडं वर, रोह्यासाठी कंबरेएवढं. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड नको. अन् सोयाबीन वाढलं की जूनमध्ये लावलेला सेन्सर ऑगस्टमध्ये पानाआड जातो, पोल सरकवता येईल असा गाडा.

६. सेन्सर वाजला की तारेत लाईनचा करंट सोडायचा, असं सर्किट बनवून देता का?

नाही देत, अन् कोणी देत असेल तर घेऊ नका. घरच्या लाईनचा करंट तारेत सोडणं बेकायदेशीर आहे, दरवर्षी आपल्या भागात त्यात माणसं मरतात, रात्री ओलीत करायला गेलेला शेजारी, आपलाच सालदार, सकाळी गवत कापायला आलेली बाई. वन्यप्राणी मेला तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा लागतो. सेन्सर जोडून तो सुरक्षित होत नाही, कारण सेन्सरला माणूस अन् डुक्कर सारखंच दिसतं, दोघं गरम अन् दोघं हलणारे. सोलर कुंपणाचं मशीन वेगळं असतं, ते सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरता झटका देऊन थांबतं, त्यामुळे हात सोडवता येतो. लाईनचा करंट हात धरून ठेवतो.

७. मंग जनावर पळन कशानं?

आवाज अन् उजेड, पण रोज तोच आवाज ठेवला तर डुकरं आठ-दहा दिवसात ओळखतात. आवाज बदलते ठेवा, दोन-तीन जागांवरून येऊ द्या, अन् वाजायची वेळ प्रोग्राममध्ये मागेपुढे करा. मुळात रात्रभर जागलीवर बसलेल्या माणसाला दोन तास डोळा लावता यावा एवढ्यासाठी मी हे बनवायला लागलो, भोंग्यानं त्याला उठवलं तरी माझ्या लेखी ते चाललं.

८. अर्डुइनोच्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलं हाय, ५ एचपीची मोटर तं साडेसात अँपिअर घेते, मंग डायरेक्ट लावू का?

अर्डुइनो म्हणजे प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड, अन् रिले म्हणजे त्याच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच. हिशोब बरोबर वाटतो अन् इथेच रिले जळतात. ५ एचपीची थ्री फेज मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना सहापट, म्हणजे ४५ च्या आसपास. छोट्या रिलेचे पॉइंट चिकटून बसतात, मग तुम्ही मोबाईलवरून बंद करता अन् मोटर चालूच. शिवाय तो एकच फेज तोडतो, बाकी दोन फेजवर मोटर घरघरून जळते, माझ्या दुकानात त्या रिवाइंडिंगला येतात.

रिलेनं मोटर चालवायची नाही, रिलेनं कॉन्टॅक्टरची (तिन्ही फेज एकदम जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) कॉइल चालवायची अन् कॉन्टॅक्टर मोटर चालवतो. पण इथेही एक खड्डा आहे. आपल्या बऱ्याच स्टार्टरची नो व्होल्ट कॉइल (लाईन गेली की स्टार्टर सोडणारी) ४१५ व्होल्टची असते, दोन फेजवर लागते, अन् निळ्या रिलेवर नीट वाचलं तर २५० व्होल्ट एसी लिहिलेलं असतं. म्हणजे त्या कॉइलला सुद्धा तो चालत नाही. एक तर २४० व्होल्टची कॉइल बसवा, अन् वावरात न्यूट्रल नसेल तर छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावा, त्याच्या २४ व्होल्टवर सगळं नियंत्रण ठेवलं तर हात लागला तरी जीव जात नाही. रिलेच्या डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा. कॉन्टॅक्टरच्या एसी कॉइलवर डायोड नको, तिथे रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर (झटका जिरवणारी जोडी), नाहीतर कॉन्टॅक्टर सुटताना उडणाऱ्या झटक्यानं अर्डुइनो अडकतो अन् लोक म्हणतात प्रोग्राम खराब. लाल बटन मात्र प्रोग्राममधून नेऊ नका, ते वायरनंच सरळ कॉइल तोडणारं पाहिजे. मेनचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या.

९. लाईन आली की आपोआप चालू होणारं करून द्या ना, रात्री दोनला कोण जाईल?

करता येतं अन् मी करूनही देतो, रात्रीच्या लाईनपायी सापावर पाय पडण्यापेक्षा हे बरं. पण तिन्ही फेज तपासल्याशिवाय चालू करायचं नाही. लाईन आल्यावर थोडं थांबायचं, अन् प्रत्येक वावरात हे थांबणं वेगळं ठेवायचं, कारण एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच सेकंदाला उठल्या तर डीपी बसतो. विहिरीचं पाणी संपलं तर मोटर कोरडी फिरते, तेव्हा तिचा करंट उतरतो, करंट मोजणारा सेन्सर लावून त्यावर बंद करता येतं.

अन् विहिरीत माणूस उतरला असेल तर मोबाईलवर बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडा, फ्यूज काढा अन् खिशात घेऊन खाली उतरा. हे मी प्रत्येक कंट्रोलरच्या डब्यावर रंगानं लिहून देतो.

१०. वावरात रेंजच नाही, सेन्सरचा मेसेज घरी कसा येईल?

लोरा रेडिओ वापरा, तो मोबाईलच्या रेंजशिवाय छोटे मेसेज लांबवर पोहोचवतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या ताकदीपर्यंत विनापरवाना वापरता येतो. मॉड्यूल घेताना तेवढं वाचून घ्या, ९१५ वालं घेऊ नका. अँटेना पिकाच्या वर काढा, निंबाच्या झाडाला बांधली तरी चालेल.

११. सिम्युलेटर म्हणजे गेमच ना? त्यावर कोणी खरं शिकते का?

विमानवाले जवळपास शंभर वर्षं शिकत आहेत. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाच्या बापाचा पियानो अन् ऑर्गन बनवायचा कारखाना होता, तिथे हवा भरून फुगणारे भाते असायचे, आपल्या लोहाराच्या भात्याचेच भाऊबंद समजा. त्या भात्यांवर त्यानं १९२९ मध्ये एक लाकडी विमान बसवलं, दांडा ओढला की भाता फुगायचा अन् विमान कलायचं. सुरुवातीला ते जत्रेतलं खेळणं म्हणूनच जास्त चाललं. मग १९३४ मध्ये अमेरिकन सैन्याकडे टपाल नेण्याचं काम आलं, खराब हवेत एकामागून एक वैमानिक मेले, तेव्हा सैन्यानं त्याची सहा यंत्रं विकत घेतली.

मला ही गोष्ट आवडते कारण त्यानं बापाच्या कारखान्यात जे पडलं होतं तेच वापरलं. अन् नीट बघाल तर सेन्सर, कंट्रोलर, सिम्युलेटर हे एकच आहे. सेन्सर ओळखतो, कंट्रोलर ठरवतो, काहीतरी हलतं. सिम्युलेटरमध्ये त्या फेऱ्यात माणूस बसवलेला असतो, एवढाच फरक.

१२. ट्रॅक्टरचं सिम्युलेटर घरी बनते का?

बनतं. आमचं भंगारातल्या ट्रॅक्टरच्या सीट-स्टेअरिंगवर बनलं आहे. बोर्ड घेताना अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या, त्यांची चिपच यूएसबीला जोडते अन् कॉम्प्युटरला ती जॉयस्टिक वाटते, जुन्या युनोनं हे सरळ होत नाही. स्टेअरिंगला साधा पोटेन्शिओमीटर (किती फिरवलं ते सांगणारा, रेडिओच्या आवाजाच्या बटनासारखा) लावू नका, तो पाऊण फेराच फिरतो, ट्रॅक्टरचं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन-चार फेरे घेतं. दहा फेऱ्यांचा मिळतो, तो घ्या. बोर्ड त्याला ० ते १०२३ असं वाचतो, चार फेऱ्यात त्यातले चारशेच्या वर टप्पे मिळतात, तेवढे पुरतात.

ब्रेकचे पेडल दोन वेगळे ठेवा, डावं अन् उजवं, मधात जोडायची खिट्टी अन् ती लावली आहे का ते सांगणारा छोटा स्विच. बऱ्याच तयार गेममध्ये हे नसतं, म्हणून आम्ही गोडो या गेम बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं छोटंसं वावर अन् डांबरी रस्ता बनवला. खिट्टी न लावता पोट्टा रोडवर आला अन् जोरात एकाच पेडलवर पाय दिला की स्क्रीनवर ट्रॅक्टर एका बाजूला ओढून पलटतो. हे खऱ्या ट्रॅक्टरवर शिकवताच येत नाही, एकदा झालं की झालं. क्लचला खरी स्प्रिंग लावा, पायाला वजन कळलं पाहिजे, ग्राफिक्स साधे असले तरी चालतील.

१३. ट्रॅक्टर कलला की वाजणारा अलार्म एमपीयू-६०५० वर बनवला, पण सपाट रस्त्यावर बी वाजते?

त्या चिपमध्ये दोन सेन्सर आहेत. एक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून कल सांगतो, पण ब्रेक, वळण, खड्डा सगळंच त्याला कल वाटतं. जायरो फिरण्याचा वेग सांगतो, धक्क्याला तो तितका फसत नाही पण त्याची बेरीज करत गेलं की उत्तर हळूहळू वाहवत जातं, ट्रॅक्टर उभा असून दहा मिनिटांनी पाच अंश कललेला दाखवतो. दोघांना मिसळा, जायरोचं ९८ टक्के अन् एक्सेलरोमीटरचं २ टक्के इथून सुरुवात करून जमवत जा. चिप लवचिक पत्र्यावर नको, चेसिसवर घट्ट बसवा. अन् कलाचा अलार्म मागे पलटण्यापासून वाचवत नाही, चिखलात फसलेला ट्रॅक्टर साखळी उंच जागी अडकवून ओढताना पुढून उठतो ते क्षणात होतं, तिथे साखळी खालीच, ड्रॉबारला लावणं हाच उपाय.

१४. लेकराले सिम्युलेटरवर मळमळते?

डोळे म्हणतात आपण हलतोय, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय, त्या भांडणातून मळमळ होते. स्टेअरिंग फिरवल्यावर चित्र उशिरा हललं तर अजून वाढते. कॉम्प्युटर हलका असेल तर चित्र साधं करा, दहा मिनिटांवर बसवू नका, पंखा समोर लावा.

१५. पेटंट मिळन का? अन् व्हिडिओ टाकू का नको?

अर्ज भरायच्या आधी व्हिडिओ टाकू नका, गोष्ट जगासमोर आली की नवी राहत नाही. आपला पेटंट कायदा १९७० चा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये काय चालत नाही ते दिलं आहे. ओळखीची साधनं नुसती शेजारी-शेजारी जोडली अन् प्रत्येक आपापलं काम करतं, तर नाही. शेती करायची पद्धत, नाही. म्हणजे पीआयआर अन् भोंगा जोडला एवढ्यावर पेटंट नाही, पण प्रश्न ३ मधला आंधळा वेळ ओळखून त्यावर मात करणारं नवं यंत्र कोणी बनवलं तर तिथे जीव आहे. माणसाच्या स्वतःच्या नावानं ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये, आधी कच्चा अर्ज टाकून १२ महिन्यात पक्का भरता येतो, मिळालं तर २० वर्षं. अर्ज मुंबईच्या ऑफिसात जातो. कागदपत्र झेपत नसेल तर गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन गावपातळीवरच्या शोधांसाठीच आहे, तिकडे पाठवा.

१६. आमच्याकडे बोर अभयारण्याच्या जंगलातून वाघ येते, सेन्सर वाघ अन् डुक्कर वेगळं सांगन का?

पीआयआर नाही सांगत, रडारही नाही. चित्र ओळखणारा कॅमेरा थोडंफार सांगतो, पण त्याच्या भरवशावर रात्री एकटं जाऊ नका. भोंगा वाजला की बाहेर जाऊन बघायचं ही सवय वाघाच्या भागात मोडा, आधी घरातून लाईट लावा. पाऊलखुणा दिसल्या तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

१७. थ्रेशरमध्ये हात जायच्या आधी मशीन बंद करणारा सेन्सर बनवा ना दादा, आमच्या घरचा हात गेला हाय.

हा मेसेज आला तेव्हा मी दोन महिने यावरच बसलो होतो. हात ओळखणं कठीण नाही, आडव्या किरणाचा पडदा हात लगेच ओळखतो. अडचण पुढे आहे. पट्टा सोडला, इंजिन बंद केलं तरी ड्रम आपल्या वजनानं फिरत राहतो. कारखान्यातल्या मशीनसाठी हिशोब असा धरतात की हात सेकंदाला १.६ मीटर पुढे जातो. आमचा ड्रम थांबायला पाच सेकंद धरले तर पडदा ८ मीटर दूर पाहिजे, म्हणजे खळ्याच्या बाहेर. ड्रमला ब्रेक लावून एका सेकंदात थांबवला तरी १.६ मीटर लागतो, अन् एवढा जड ड्रम असा अचानक थांबवायला गेलं की शाफ्टवर येतं.

म्हणून मी सेन्सर सोडून मापाकडे आलो. पेंडी टाकायचं तोंड इतकं लांब अन् वरून झाकलेलं पाहिजे की पूर्ण हात आत घातला तरी बोटं ड्रमला पोहोचत नाहीत. थ्रेशरसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदा आहे, तरी जुनी उघड्या तोंडाची मशीन गावोगाव फिरतात. त्यांना पत्र्याचं तोंड वेल्डिंग करून वाढवता येतं, आमच्या दुकानात मी त्याची मजुरी घेत नाही. सेन्सर मी एका जागी लावतो, काम करणारा पायाखालच्या फळीवरून उतरला किंवा पडला की इंजिन बंद व्हावं म्हणून, पण तो हात वाचवेल असं समजून कोणी तोंड उघडं ठेवू नये. मळणी सुरू व्हायच्या आधी इंजिन बंद असताना, पट्टा काढून, खांद्यापासून बोटापर्यंत दोरीनं माप घ्या अन् तीच दोरी तोंडापासून ड्रमपर्यंत लावून बघा. दोरी ड्रमला टेकली तर मशीन दुकानात घेऊन या.